चार पट्ट्या खाली

ती. हिसानो वन्संना,
मित्सुएचा घरातल्या दोघांच्या वतीने वाकून नमस्कार.

इकडचा बर्फ आता टपाल कचेरीच्या मागे, जिथे ऊन पोचत नाही तेवढ्यापुरता उरला आहे. तुमची तब्येत कशी आहे? घशावरचे टाके एव्हाना पुरते सुकले असतील. डॉक्टरांनी बोलू नका म्हणून सांगितलं असेल तरी ताई बोलत असणारच, असं तुमच्या बंधुराजांचं मत आहे. मी फक्त लिहून घेतलं. यांची प्रकृती उत्तम. गुडघा दुखतो, पण काम निघालं तरच. तुमचं कार्ड पोचलं. आवाज गेला, गाणं संपलं, 'त्सुबाकी'तल्या शेवटच्या दिवशी मला बोलावू नका, अशा तीन ओळी. त्या वाचून आम्ही तुम्हाला न बोलावण्याचं ठरवलं. तेव्हा हे पत्र बोलावण्याचं नाही. गैरसमज नसावा.

तोमिएबाईंचं गाण्या-पिण्याचं 'त्सुबाकी' तेवीस मार्चला बंद होतंय हे तुमच्या कानावर आलंच आहे. तोमिएबाई म्हणतात, बत्तीस पायऱ्या रोज चढून उतरून त्यांच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला. (आपल्या गावात सगळ्या गोष्टी गुडघ्यांमुळे बंद पडतात. आधी सार्वजनिक स्नानगृह, मग टोफूवाला.) शेवटच्या रविवारी, नेहमीसारखं दुपारी एक ते पाच, प्रत्येकाने आपापलं गाणं एकदा म्हणायचं असं ठरलं. इथवर ठीक होतं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मित्सुएबाई, तुम्हीसुद्धा. छत्तीस वर्षं नुसती खंजिरी वाजवलीत, आता एकदा तोंड उघडा." मी म्हटलं, मला गाणं नाही. "मग शोधा," म्हणाल्या, आणि पेले पुसायला लागल्या.

मला गाणं नाही हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? लग्नानंतरच्या पहिल्या वसंतात तुम्हीच मला त्या बत्तीस पायऱ्या चढवून नेलंत. मी नवी होते, मला वाटलं गायला आणलंय. मी माइककडे हात नेला आणि तुम्ही माझ्या हातात खंजिरी ठेवलीत. "तू ही धर. हिला आवाज लागत नाही." सगळे हसले, मीही हसले. मला वाटतं मी त्या दिवशी जरा जास्तच हसले, कारण हात दुखेपर्यंत वाजवली. (त्याच आठवड्यात माझ्या सुपाबद्दल तुम्ही जे म्हणालात ते मी केव्हाच विसरले. पाण्याला मिसोचा वास बरा येतोय, असं काहीतरी.)

तर 'त्सुबाकी'तच शोध सुरू झाला. कराओकेच्या यंत्रात नवशिक्यांसाठी सोप्या, संथ गाण्यांची यादी असते. सोपं म्हणजे काय हे यंत्राला कळत नाही. पहिलं गाणं मी निवडलं ते पाचच सुरांचं, अंगाईसारखं. कडवं नीट झालं. मग मधलं संगीत आलं आणि ते संपेचना. गाताना माणूस गात असतो. मधल्या संगीतात त्याने चेहऱ्याचं काय करायचं? तुम्ही काय करत होता ते आठवून पाहिलं, तर तुम्ही तेव्हा पदर सावरावा तशी किमोनोची कड सारखी करायचात. मी स्वेटर घातला होता. मी एकदा वाकले. संगीत चालूच होतं म्हणून पुन्हा वाकले. मग टेबलावरचे पेले सरळ रेषेत मांडले. शेवटी पडद्याकडे बघत राहिले, आणि तिथे ती होती. तुम्हाला आठवते ना, फिकट कोटातली बाई? कुठलंही गाणं लावा, पडद्यावर तीच, हातात लहान बॅग, कालव्याच्या कडेने चाललेली, स्टेशनात येणारी, गाडी सुटली की मागे उरणारी. मी लग्न होऊन आले तेव्हा ती माझ्या वयाची होती. आता मला नात आहे आणि ती अजून त्याच कोटात. इतक्या वर्षांत तिला कुणी घरी चल म्हटलं नाही की कोट धुवायला काढ म्हटलं नाही. तिच्या काळजीत दुसरं कडवं माझ्यावाचून सुरू झालं आणि माझ्यावाचूनच संपलं.

दुसरं गाणं त्याहून सोपं होतं, कारण अर्धं बोलायचंच होतं. मध्ये एके ठिकाणी बाईने गाणं थांबवून, डोळ्यांत पाणी आणून नुसतं विचारायचं, "परत याल ना?" मी विचारलं. चांगलं विचारलं असावं, कारण संडासाच्या दारामागून हे ओरडले, "आलो, आलो!" ते गाणं सोडावं लागलं.

तिसऱ्यात मी गुन्हा केला. नियम मला पाठ आहे. ज्याने एखादं गाणं वर्षानुवर्षं म्हटलं ते त्याचं, फळीवरच्या दारूच्या बाटलीला त्याच्या नावाची चिठ्ठी असते तसं. दुसऱ्याने त्याला हात लावायचा नाही. पण निवृत्त पोस्टमास्तर कुराबेंचं एक गाणं असं आहे की ते वर्षातून एकदाच, ऑगस्टमध्ये पितरांच्या दिवसांत म्हणतात, आणि त्या दिवसांत मी माहेरी असते. छत्तीस वर्षांत त्यांच्या तोंडून ते माझ्या कानावर पडलं नव्हतं, त्यांचं आहे हे ठाऊकच नव्हतं. मी तीनही कडवी म्हटली. कुणी टाळी वाजवली नाही. कुराबेमास्तरांनी चहाचा पेला खाली ठेवला, टोपी घातली, "छान झालं," म्हणाले आणि बत्तीस पायऱ्या उतरून गेले. ('छान झालं' म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. तुमच्याकडूनच मी ते शिकले.) दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं गोड वड्यांचा डबा घेऊन त्यांच्या दारात. डबा माझ्या हातात, वाकणं दोघांचं. "अहो, गाणं काय कुणाच्या बापाचं असतं?" म्हणाले, आणि आत या म्हणाले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांच्याकडून परतभेट म्हणून संत्र्यांची पेटी आली तेव्हा मी श्वास सोडला. पेटीत तळाला एक संत्रं नासकं होतं. नजरचुकीने राहिलं असेल.

त्यानंतर मी तोमिएबाईंना सांगणार होते की मी खंजिरीवरच बरी. पण गुरुवारी एक गोष्ट झाली, ती लिहू की नको असं करत इथवर आले. मी न्हाणीघर घासत होते. पाणी वाहत होतं. बऱ्याच वेळाने लक्षात आलं की मी गातेय, आणि जे गातेय ते पूर्ण गातेय, एकही शब्द न अडखळता. तुमचं गाणं. 'बर्फातला धक्का', ते बंदरावरचं. मी ते कधी शिकले नाही, फक्त त्याला ताल धरला. पण दुसऱ्या कडव्यात तुम्ही अर्धी मात्रा उशिरा येता तशी मी उशिरा आले, आणि 'होडी' या शब्दावर तुमचा श्वास तुटतो तिथे माझाही तुटला. मला इतकी वर्षं वाटत होतं की ते गाण्यातच आहे. हे अंगणात होते, वळचणीला टांगलेले यंदाचे शेवटचे सॅल्मन उतरवत होते. ते तसेच रबरी बूट घालून, हातात मासा घेऊन, थेट न्हाणीघराच्या दारात आले. "ताई कधी आली?" मग त्यांना मी दिसले. माशातून खारट पाणी माझ्या घासलेल्या फरशीवर ठिबकत होतं. मग म्हणाले, नळ गळतोय, बघायला हवा. आमचा नळ गळत नाही.

काल दुपारी 'त्सुबाकी'त कुणी नसताना गेले. यंत्रावर ते गाणं माझ्या पट्टीत लावून पाहिलं, तर कुणा परक्या बाईचं वाटलं. तुमच्यासारखं चार पट्ट्या खाली घेतलं आणि ते जागेवर बसलं. तोमिएबाईंनी फडकं थांबवलं. फळीवर तुमची बाटली अजून आहे, गळ्यात तुमच्या अक्षरातली चिठ्ठी, तळाशी दोन बोटं उरलेली. त्यांनी ती खाली काढून पुसली, पुन्हा वर ठेवली आणि म्हणाल्या, "त्यांना विचारलंय?" मी यंत्र बंद केलं.

असो. पत्र लांबलं. सोबत सॅल्मनचे सहा तुकडे पाठवते आहे. मीठ जास्त आहे, तुमच्या बंधुराजांनी लावलं. मुलीला, जावईबापूंना आशीर्वाद. सेंडाईहून इथवरचा प्रवास लांबचा, त्यात तुमची प्रकृती ही अशी, तेव्हा येण्याचा विचारही मनात आणू नये.

तुमची,
मित्सुए

ता. क. गाणं तुमचं आहे. म्हणू का? नाही म्हणालात तर मी ते पाच सुरांचं म्हणेन आणि मधल्या संगीतात पुन्हा वाकेन.

ता. क. २. सेंडाईहून सकाळी सव्वाआठची बस आहे. हे मी लिहीत नाही, हे यांनी सांगितलं. तेवीस तारखेला, ती जिथे पोचते त्या निइगाताच्या थांब्यावर जाऊन उभे राहणार आहेत. तुम्ही येणार नाही असं सांगून झालं. "कुठे म्हणतोय ती येणार आहे? मी उभा राहणार एवढंच म्हणतोय," म्हणतात.

ता. क. ३. एक अडचण राहिलीच. मी माइक धरला तर खंजिरी कोण धरणार? कुराबेमास्तरांना देऊन पाहिली, ते तिच्यावर पत्रावर शिक्का मारावा तसं मारतात. दुसऱ्या कडव्यात मी अर्धी मात्रा उशिरा येणार हे ज्याला आधीपासून ठाऊक आहे असं माणूस पाहिजे. खंजिरी तीच आहे. एक चकती निखळली आहे, तिथे अंगठा ठेवायचा. बाकी काही शिकावं लागत नाही. हिला आवाज लागत नाही.