सालेहाभाभींच्या गच्चीवरचा वर्ग

मुरुड,
२० ऑगस्ट २०२०

ती. वीरभद्रदादास शरणम्माचा शरणार्थ.

तुझा गुडघा कसा आहे? वहिनी तेल चोळते का, का अजून लाजून पळतोस? इकडं सगळे ठीक. लॉकडाऊनमध्ये अंजूचे लातूरचे क्लास मोबाईलवर आले आणि आमच्या घराची तऱ्हाच बदलली.

आमच्याकडं रेंज नाही. ती येते फक्त शेजारच्या सालेहाभाभींच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीपाशी. त्यामुळं रोज दहाला आमची वरात निघते. पुढं अंजू, मागं मी छत्री घेऊन (पडद्यावर ऊन पडलं की सर नुसते ऐकू येतात, दिसत नाहीत) आणि सर्वांत मागं सासूबाई, काठी घेऊन, भाभींची शेळी हाकलायला. या शेळीनं रसायनशास्त्राची अर्धी वही खाल्ली आहे. क्लास चालू असेस्तोवर भाभी कुकर लावत नाहीत, शिट्टीनं सर दचकतात म्हणून. एवढे सगळे राबतो तेव्हा कुठं एक पोरगी शिकते.

परवा सर परिसंस्था शिकवत होते. अंजू पाणी प्यायला खाली गेली, मोबाईल माझ्या हातात. सरांनी विचारलं, "पडलेल्या पानाची माती कोण करतं?" सत्तर पोरं गप्प. मला राहवलं नाही. "बुरशी, सर! अन् गांडूळ!" माईक चालू होता (माझंच बोट लागलं असणार).

"शाब्बास, अंजू! आवाज का बसलाय?"

"सर्दी झालीय, सर."

तेवढ्यात सासूबाई मागून कडाडल्या, "खोटं कामून बोलतीस? सर, ही अंजूची माय हाय. रोज ऐकती अन् भाकरी थापताना मलाबी शिकवती!"

वाटलं, आता पोरीचं नाव क्लासमधून कमी करतात. पण सर हसलेसुद्धा नाहीत. म्हणाले, "ताई, उद्यापासून तुम्हीपण हजेरी द्या." अंजू जिन्यात उभी राहून ऐकत होती. तिनं येऊन अशी मिठी मारली की छत्री थेट भाभींच्या अंगणात.

वहिनीला शरणार्थ.

तुझी,
शरणी

ता. क. : खरं काम राहिलंच. मला बाहेरून दहावीला बसायला सतरा नंबरचा फॉर्म भरायचा आहे. भूकंपात शाळा पडली तेव्हा मी नववीत होते. पुढं तू विचारलंस, तर मी म्हणाले, "मला शिकायचंच न्हाई." दादा, ते खोटं होतं. माझ्यासाठी तू कॉलेज सोडायला निघाला होतास, म्हणून बोलले. फोनवर हे सांगता आलं नसतं. शाळा आता आपल्या नव्या गावात आहे, तिथून माझा दाखला काढून पाठव.

आणखी ता. क. : पाकीट सालेहाभाभींच्या पत्त्यावर पाठव. दाखल्यावर जन्मतारीख असते, लग्नात माझं वय दोन वर्षं कमी सांगितलं होतं आणि टपाल आधी सासूबाईच फोडतात.