पण इंजिन डेल्बर्टने बांधलं

मिल्टन फॉर्क, कॅन्सस
बुधवार

आदरणीय डेल्बर्टदादा यांस,

अर्विनचा नमस्कार. तुमची कंबर आता कशी आहे? (तुमची बहीण लोरीन म्हणते, वाकलं की कळ येते. माझ्या गाडीच्या इंजिनात वाकताना मात्र ती आड आली नाही, हे विशेष.) आम्ही दोघं खुशाल आहोत. निदान लोरीन तरी आहे.

रविवारच्या मोटारींच्या शर्यतीत मी पहिला आलो. पाव मैलाच्या त्या पट्टीवर आजवर इतरांच्या गाड्यांचे मागचे दिवे बघण्यात ज्याची हयात गेली, तो मी. करंडक छातीशी धरून फोटो काढतोय, तेवढ्यात दुसऱ्या आलेल्या रस्टीने तक्रार केली, की इतका पळणारा माणूस अर्विन असूच शकत नाही. तपासनीस क्लाइडने इंजिनाचं झाकण काढलं, व्हॉल्व्ह किती उघडतात ते मोजलं, चष्मा पुसला आणि पुन्हा मोजलं.

"व्हॉल्व्ह उघडणारा हा दांडा, हा कॅमशाफ्ट, कंपनीचा नाही, अर्विन. तुमच्या गटात कंपनीचेच भाग चालतात."

"इंजिन माझ्या मेहुण्याने बांधलंय."

"गाडीत मेहुणा बसला होता?"

"नाही."

"मग इंजिन तुझं."

नियमच तसा आहे म्हणे. बांधो कोणीही, जबाबदार चालवणारा. मी म्हटलं, मला इंजिनात तेल कुठे ओततात एवढंच कळतं. तो म्हणाला, ते इथे मोठ्याने बोलू नकोस. करंडक रस्टीकडे गेला आणि मला उरलेल्या मोसमाची बंदी. आता कॉफीच्या दुकानात मी साखर घेतली तरी लोक चमचे मोजतात.

दादा, बहिणीच्या नवऱ्याशी असं वागावं? एका शब्दाने सांगितलं असतंत तर (तर मी काय केलं असतं, हे कृपया विचारू नये). क्लाइडला फोन करून सगळं स्वतःवर घ्या, एवढीच अपेक्षा.

आपला,
अर्विन

ता. क. : क्लाइडला फोन करू नका. पत्र टपालात टाकायला लोरीनला दिलं, ते तिने उभ्याउभ्या वाचलं. म्हणाली, "डेल्बर्टला कशाला बोलतोस? तो नकोच म्हणत होता. मीच मागे लागले. दर वेळी हरून येतोस आणि मजा आली म्हणतोस, ते मला ऐकवत नव्हतं." मग आत जाऊन भांडी जरा जास्तच वाजवली.

आणखी एक : खुल्या गटात तो कॅमशाफ्ट चालतो, आणि बंदी माझ्यावर आहे, गाडीवर नाही. लोरीनने स्वतःचं नाव दिलंय. शनिवारी येऊन इंजिन नीट लावून द्या. या वेळी आत काय काय घालताय ते तिला सांगा. मला सांगू नका, मी फक्त कडेला उभं राहून ओरडायला येणार आहे.