एकरकमी

१४ नोव्हेंबर

चि. ढब्बूस,

आशीर्वाद. अजून हेच नाव लिहिते. तू किती वाळलास ते मला ठाऊक नाही. मी बरी आहे. एक गुडघा सोडला तर तक्रार नाही, आणि ऐकणारं कुणी नसल्यामुळे तोही गप्प बसायला शिकलाय.

दातांच्या लॅबमध्येच आहे. प्लास्टरचं काम मालकांनी आता यंत्राला दिलंय, पण मेणात दात बसवायला अजून मीच लागते. सकाळी डॉक्टरांकडून जबड्यांचे साचे येतात. माणूस येत नाही. वरचा जबडा, खालचा जबडा, रंगाचा नंबर. कवळी नीट बसली तर त्या माणसाचं पुढे काही कळत नाही. टोचली तर परत येते. त्यामुळे आमच्या धंद्यात कुणाची खबर न येणं चांगलंच समजतात.

तुझ्या टेम्पोच्या कर्जाबद्दल लिहायचं होतं.

फोन अजून येतात. तुझ्याकडे तेव्हा फोन नव्हता, म्हणून अर्जात तू माझाच नंबर स्वतःचा म्हणून घातलास. बँकेने ते कर्ज वसुलीच्या एका कंपनीला विकलं, तिने दुसरीला. तुझं कर्ज माझ्यापेक्षा जास्त हिंडलंय. आधीचे लोक शिव्या द्यायचे. आताचा देत नाही. आधी मॅडम म्हणायचा, मग कधीतरी ताई म्हणायला लागला. बोलताना त्याचा 'स' शिट्टीसारखा निघतो. एकदा न राहवून मी विचारलं, "वरच्या पुढच्या दोन दातांत फट आहे का हो तुमच्या?"

"ताई, चौकशी मी करायची की तुम्ही?"

"आहे की नाही?"

"आहे. आई म्हणायची, अशी माणसं नशीबवान असतात."

"मग वसुलीत कसे आलात?"

तो खूप हसला. त्या दिवशी माझ्याशी दुसरं कुणी बोललं नव्हतं.

मग नेहमीचा प्रश्न, भाऊ कुठे असतात? मी नेहमीसारखं माहीत नाही म्हटलं. या पत्रावरचा पत्ता मला तुझ्या जुन्या गॅरेजवाल्याने दिला. टाकलेली पत्रं परत येत नाहीत, त्याअर्थी तो बरोबर असणार.

आता त्याने एक सुचवलंय. कंपनीला जुनी खाती मिटवायची आहेत. व्याज सोडून देतील. मुद्दलाच्या निम्मे एकरकमी भरले तर काही बाकी नाही असं लेखी देतील. मुदत या महिन्याअखेरपर्यंत. तेवढे पैसे माझ्याकडे आहेत. दात भाजायच्या भट्टीसाठी साठवले होते. लहानशी भट्टी घरात बसवली की मला स्वतःची कामं घेता येतील.

मालकांना विचारलं.

"तू जामीन आहेस?"

"नाही."

"सही कुठे केलीस?"

"नाही."

"मग तुझा काय संबंध? इतक्या जुन्या कर्जासाठी आता कोर्टातही कुणी जात नाही. आणि थोडेथोडे तर मुळीच भरू नकोस, मेलेलं खातं जिवंत होतं. आपण होऊन विंचवाच्या बिळात बोट कशाला घालतेस?" मग म्हणाले, "भट्टी घे. मला सोडून जाशील, पण निदान शहाण्यासारखी जाशील."

बरोबर आहे त्यांचं. मी भरणार नाही असं ठरवलंय. तुला कळावं म्हणून लिहिलं.

तब्येतीला जप.

ताई

२६ नोव्हेंबर

चि. ढब्बूस,

आशीर्वाद. मागचं पत्र तुला मिळालं असेल. त्यात एक गोष्ट मी गाळली होती.

भरणार नाही म्हटलं ते मालकांच्या सल्ल्यामुळे नव्हे, भट्टीमुळेही नव्हे. जाताना तू दारात म्हणालास, "एवढं कर्ज निपटलं की येतो." मी ते धरून बसले. आत्या विचारायची, शेजारीण विचारायची. मी सांगायचे, वसुलीवाले टपलेत, कसा येणार बिचारा? सांगून सांगून ते गुळगुळीत झालं. कर्ज आहे तोवर तू कर्जामुळे येत नाहीस. ते फिटलं आणि तरी तू आला नाहीस, तर लोकांना काय सांगू?

लोकांचं सोड.

मार्चमध्ये औषधाच्या दुकानात आत्याची सून भेटली. "काय हो वन्सं, आमच्याकडच्या लग्नाला दिसला नाहीत? भावजी होते की दोन दिवस. काय हसवलं सगळ्यांना!"

मी म्हटलं, गुडघा धरला होता.

"तुमच्याकडेच उतरले असतील ना?"

मी हो म्हटलं. जेवायला काय केलंत, असं तिने विचारलं. मी तेही सांगितलं.

लग्नाचा तो हॉल माझ्या खोलीपासून जवळ आहे. माझ्या गुडघ्यानेही जाता येईल इतका. म्हणजे वसुलीवाल्यांची भीती तुला नव्हती. हे मला मार्चपासून माहीत आहे. तरी त्या माणसाशी फोनवर मी कर्जाबद्दल बोलत राहिले, जणू काही खरी अडचण तीच होती.

सोमवारी मी पैसे भरले. मालक मला गाढव म्हणाले आणि उठून स्वतःच्या हाताने चहा करून आणला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. साखर विसरले होते. मी सगळा प्यायले.

काल कागद आला, मागोमाग त्याचा फोन. "ताई, खातं बंद. आता आमचा त्रास नाही तुम्हाला."

"त्रास कसला."

"एक विचारू? तुमचं नाव कशातच नव्हतं. मग का भरलेत?"

मी म्हटलं, "ती फट कधी बुजवावीशी वाटली तर सांगा. स्वस्तात करून देईन."

तो हसला, पण मागच्यासारखा नाही. "येतो ताई," म्हणाला. फोनवर आपण उगाच म्हणतो तसं. मी नंतर मेण हातात घेतलं, तर ते कधीच गार होऊन कडक झालं होतं.

तुझ्यावर उपकार केले असं मनात आणू नकोस. तुझ्यासाठी भरलेच नाहीत. एक खोटं कारण मी फार दिवस घरात पोसलं होतं, त्याला बाहेर काढायचं होतं. भट्टीचं नंतर बघेन. मालक आहेत, साचे येतात, चाललं आहे.

काही बाकी नाही असं लिहिलेला तो कागद तुझ्या नावाचा आहे. मी तो इथेच ठेवला असता तर कधी ना कधी तो न्यायला तुला यावं लागलं असतं. आज सकाळभर मी तोच विचार करत होते. म्हणूनच सोबत पाठवते आहे. जपून ठेव.

आता आलास, तर काही काम नसताना येशील.

ताई