सतरावी ओळ

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार (गुडघ्यांमुळे मनातल्या मनात). तुझा खोकला कसा आहे? स्वयंपाकघराच्या फरशीवर पालथी पडून तू माझ्या वह्यांना समास आखून द्यायचीस, आठवतं? माझी रेघ खाली येता येता भलतीकडेच वळायची आणि शाळेत सिस्टर ती वही मेलेल्या उंदरासारखी दोन बोटांत धरायच्या. मग तू आईची काळी लाकडी पट्टी घ्यायचीस आणि जीभ दातांत धरून सगळी वही आखायचीस. पुढचं सगळं आयुष्य मी तू आखलेल्या समासाच्या आतच काढलं.

आता रेघा संगणकच आखून देतो. आईचं घर महिनाअखेर रिकामं करून द्यायचंय, आणि तू तर फोनवर "मला काही नको, मी येतही नाही, तुम्ही वाटून घ्या" म्हणून मोकळी झालीस. दादाचं नि माझं वाजू नये म्हणून मी वाचनालयातल्या संगणक वर्गाला गेले आणि एक्सेलमध्ये आईच्या एकतीस वस्तूंची खोलीवार यादी केली. एका रकान्यात वस्तू, शेजारच्या रकान्यात नाव. फार गुणी गोष्ट आहे ही. वरची ओळ गोठवता येते, मग आपण कितीही खाली गेलो तरी ती डोक्यावर राहते (आईसारखी). 'ताई' लिहून कोपरा खाली ओढला, तर एकतीसच्या एकतीस वस्तू तुझ्या झाल्या. लहानपणीही असंच व्हायचं. हवी ती ओळ लपवतासुद्धा येते. ते मी लगेच करून पाहिलं.

घात झाला तो क्रम लावताना. नावं अकारविल्हे लावायला घेतली, तेव्हा संगणकाने अदबीने विचारलं, शेजारचा रकानाही बरोबर हलवू का? म्हटलं नको, कशाला उगाच त्याला त्रास. नावं हलली, वस्तू जागीच राहिल्या, आणि मी न वाचताच यादी दादाला पाठवून फाइल बंद केली. (केलेलं परत फिरवण्याचीही सोय आहे, पण फाइल बंद करण्याआधी.)

त्यामुळे सगळं स्वयंपाकघर तुला गेलं, म्हणजे दूध हमखास उतू घालवणाऱ्या बाईला. दादाला शिवणयंत्र, विणायच्या सुया आणि एक बाही नसलेला स्वेटर. मला बंद पडलेली तीन घड्याळं. न्हाणीघर वहिनीकडे. तिचा दुसऱ्याच दिवशी फोन.

"वन्सं, मामंजींची दाढीची पेटी माझ्या नावावर? आता दाढी तेवढी वाढवायची राहिलीय माझी!"

मी माफी मागणार, तोच म्हणाली, "पण शिवणयंत्राचं नाव बदलू नका हं. तुमचे दादा काल ते घेऊन आले, सकाळपासून त्यावर बसलेत. दोरा नाही, कापड नाही, नुसतं पायडल मारताहेत. विचारलं तर म्हणतात, मोटार चालवतोय. रिटायर झाल्यापासून पहिल्यांदा आपणहून लवकर उठलेत."

मोटार आठवली ना? दादा ड्रायव्हर, तू कंडक्टर, आणि मी यंत्राखाली बसून इंजिनाचा आवाज. यादी मी दुरुस्त केलेली नाही.

तब्येतीला जप. नमस्कार पुन्हा एकदा.

तुझी धाकटी

ता. क. वहिनीने हेही विचारलं, "सोळा नंबरनंतर एकदम अठरा कसा हो?" मी म्हटलं, संगणकाचं काय सांगावं.

दुसरा ता. क. सतराव्या ओळीत आईची काळी पट्टी आहे. दादा मागेल म्हणून मी ती लपवली होती, आणि समोर माझंच नाव लिहिलं होतं. लपवलेली ओळ क्रम लावताना हलत नाही, असं वर्गातल्या बाई म्हणाल्या. म्हणजे ठरल्या माणसाकडे राहिलेली तेवढी एकच वस्तू. काल ती ओळ उघडली आणि माझं नाव खोडून तुझं घातलं. तर नीट लिहून घे: यंत्र दादाला. पेटी वहिनीला (तिने बटणं ठेवलीत त्यात). घड्याळं मला. भांडी हवी त्याला. पट्टी तुला, पण टपालाने नाही. हातात, तीस तारखेच्या आत, त्याच फरशीवर. कोरी वही मी आणून ठेवली आहे.