जाफरानीची लेक

पुणे,
३ ऑगस्ट २००१

ती. मालूताईस देवदत्तचा सा. न. वि. वि.

फोनवर तू आधी जेवलास का विचारतेस, मी जेवलो म्हणतो आणि तिथेच बोलणं संपतं. म्हणून पत्र. जेवलो नाहीये. वजन चोपन्न किलोच्या वर गेलं की ट्रेनरसाहेब नुसते बघत राहतात.

आमच्या तबेल्यात गुलाबदाणी नावाची तीन वर्षांची घोडी आहे. बाप विलायती, त्याची पिल्लं लांब पल्ल्याला टिकतात. आई मात्र जाफरानी. आठवते? आबा स्टड फार्मवर कंपाउंडर होते तेव्हाची, तांबूस, कान मागे टाकून बघणारी. बाराशे मीटरला तीर, चौदाशेला संपायची. आता मालकांना तिच्या लेकीला तेवीस सप्टेंबरला चोवीसशे मीटरच्या शर्यतीत उतरवायचंय. साहेबांना वाटतं, आईचं रक्त आड येणार.

तरी त्यांनी मला सांगितलं की ही घोडी तू शेवटपर्यंत नेऊन दाखव, नाहीतर मुंबईच्या सीझनला मी दुसरा जॉकी बघतो. मी चाळीस वर्षांचा. दुसऱ्या तबेल्यात मला कोण घेणार? मग कायमचा रत्नागिरीलाच येईन, तुझ्या माडांना पाणी घालीन.

आबांच्या वह्या तुझ्याकडे आहेत. त्यात जाफरानीबद्दल काही असलं तर कळव.

माझ्यावरची माया आहे तेवढी राहू दे.

तुझा,
देवदत्त

---

रत्नागिरी,
११ ऑगस्ट २००१

चि. देवू, तुला पोटभर आशीर्वाद. निदान तेवढ्याने वजन वाढत नाही.

वह्या काढल्या. दमट हवेने कडा बुरसटल्यात. जाफरानीच्या नावापुढे तू लिहिलंस तेवढंच आहे. बाराशे मीटर. विशेष काही नाही.

शाळेत चाचणी परीक्षा चालू आहे. घरी आले की पेपर तपासत पडवीत बसते. आबांना जाऊन दोन वर्षं झाली, पण एका माणसाचा भात लावायला मला अजून जमत नाही. उरतो आणि दुसऱ्या दिवशी तोच खाते. तक्रार नाही, सांगितलं आपलं.

माजघरालगतची खोली रिकामी करायला घेतली आहे. वाडीतला आत्माराम येऊन चुना देऊन जाईल. तिथे वारा चांगला येतो. तू मनाला फार लावून घेऊ नकोस. जे रक्तात नाही ते कुठून आणणार? कधी ना कधी उतरायचंच असतं.

जपून राहा, आणि ताईला विसरू नकोस.

तुझी,
मालूताई

---

पुणे,
२१ ऑगस्ट २००१

ती. ताईस सा. न. वि. वि.

काल सकाळी गुलाबदाणीला दोन हजार मीटर पळवून बघितलं. सोळाशेला दम गेला. साहेबांनी सांगितलं होतं तसं मी तिला सुटल्यापासून धरून ठेवलं. सगळा वेळ ती माझ्याशी भांडत होती. माझी मनगटं अजून सुजलेली आहेत.

आबांनी काही लिहिलेलं नाही म्हणजे नसणारच काही. त्यांच्या नजरेतून घोडा सुटत नसे. शर्यत पळून घेतो आणि दिवाळीला सामान घेऊन येतो.

एक विचारतो, हसू नकोस. तिकडे पहाटे चारला जाग आली की मी काय करायचं? वीस वर्षं त्या वेळेला मी कुणाचं तरी खोगीर आवळत असतो. परवा भाट्याच्या किनाऱ्यावर वाळूत चालतोय असं डोळ्यांपुढे आणून बघितलं. पायांना कळेना, कुठे जायचं.

असो. तू आहेस हाच आधार. तो असाच असू दे.

तुझा,
देवदत्त

---

रत्नागिरी,
२८ ऑगस्ट २००१

चि. देवू, आशीर्वादाने सुरुवात करायचा मला आज हक्क आहे का, ठाऊक नाही. तरी आशीर्वाद.

मी खोटं लिहिलं. जाफरानीबद्दल आबांनी लिहून ठेवलंय. मी ते पहिल्याच दिवशी वाचलं. वाचून वही मिटली आणि तुझी खोली झाडायला घेतली. आता जसंच्या तसं उतरवून देते:

"जाफरानीस सगळे बाराशेची म्हणतात. मला पटत नाही. सुटल्याबरोबर जॉकी तिचे तोंड ओढतो. ती लगामाशी झगडते व दम त्यातच खर्च होतो. गुरुवारी तिचा स्वार आजारी. भिकाजी सईस लगाम सैल टाकून तिला पळवायला घेऊन गेला. तीन फेऱ्या मारून आली तेव्हा कान पुढे, मानेवर घाम नाही. दोष रक्तात नाही, हातात आहे. फार्मच्या साहेबांना सांगितले. कंपाउंडरने औषधे बघावीत, म्हणाले."

तुझे हात पहिल्यापासून घट्ट. माझं बोट धरून शाळेत यायचास तर बोट पांढरं पडायचं. तिला सोड, देवू. मागे राहिली तर राहू दे.

मी का लपवलं ते तुला कळलं असेल. तू पहाटे चारचं विचारलंस. मी फक्त संध्याकाळचा विचार केला होता, तोही माझ्या.

राग आला तर येऊ दे. पण लिही.

तुझी,
मालूताई

---

पुणे,
२४ सप्टेंबर २००१

ती. ताईस सा. न. वि. वि.

रागावलो होतो. तुझं पत्र दोन दिवस खिशात घेऊन फिरलो. पण दुसऱ्या कुणी ते पाठवलं नसतं, हेही खरं. मग साहेबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, तुला हवी तशी ने, सीझन तुझाच जायचा आहे.

काल नऊ घोड्यांत आम्ही नववे होतो. हजार मीटर झाले, बाराशे झाले, स्टँडमधून लोक मला शिव्या घालत होते. लगाम ओढायला हात इतके शिवशिवत होते की मी मूठ तिच्या मानेवरच्या केसांत रुतवली. सोळाशेला मी तिचा श्वास ऐकला. संथ. जात्यावर दळण चालावं तसा. शेवटच्या वळणावर तिनेच मला ओढून घेतलं. एकेक करत सात घोडे मागे टाकले. दुसरी आली, पहिल्या घोड्याच्या अर्ध्या अंगाने मागे. शर्यत संपली तरी थांबेना.

साहेब एवढंच म्हणाले, पुढच्या वेळी जरा आधी पुढे जाऊ दे तिला. म्हणजे मुंबईचा सीझन माझा. एप्रिलपर्यंत.

दिवाळीला येणं होणार नाही, ताई. हे वाक्य मी तीनदा खोडलं. आबांची वही नसती, तू नसतीस, तर मी आलो असतो. नाताळच्या सुट्टीत तू मुंबईला ये. तिला बघ.

माझ्यावर रुसू नकोस.

तुझा,
देवदत्त

---

रत्नागिरी,
१ ऑक्टोबर २००१

चि. देवू, आजचे आशीर्वाद मोकळ्या मनाने.

दुसरीच का, म्हणून आबांनी तुला बोलून घेतलं असतं आणि नंतर राजापूरच्या एस्टीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही सगळं सांगितलं असतं. नाताळात यायचं बघते. सुट्टी किती मिळते त्यावर आहे.

दारावर मासे घेऊन येणाऱ्या गोदाला मी सांगून ठेवलं होतं की भाऊ येतोय, आता जास्त लागतील. आज तिने आपणहून चार बांगडे काढले, तेव्हा तिला खरं सांगावं लागलं. ती पायरीवर बसली. मग मी तिला सगळी शर्यत सांगितली. नववी कशी होती, लोक कसे ओरडत होते, तू हात कसे सैल सोडलेस. तिने जन्मात शर्यत बघितलेली नाही, तरी टोपलीवर हात ठेवून ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "मग घोडी पोचली ना गो बाय?"

मी म्हटलं, पोचली.

तिने दोन बांगडे परत टोपलीत ठेवले.

लिहीत राहा.

तुझी,
मालूताई