चार मुक्काम की दीड तास

ग्रीस फियोर्ड,
एप्रिलअखेर

प्रिय नाउया,

परवा तू तिकडे तुमच्या रेझोल्यूटच्या विमानतळावर माझी वाट बघत थांबलीस आणि मी आलोच नाही. आईने तुला फोनवर धुकं पडल्याचं सांगितलं. तसं सांग म्हणून मीच तिच्या मागे लागलो होतो. आभाळ अगदी स्वच्छ होतं, पोरी. खाडीपलीकडचे डोंगर लख्ख दिसत होते.

तुझ्या लग्नाला मी बर्फावरून कुत्र्यांच्या गाडीने आलो, ते तुला आठवत असेलच. मधलं अंतर चारशे किलोमीटरच्या आतबाहेर. विमानाला दीड तास पुरतो, मला चार मुक्काम पडले. ओठ फुटले होते, बोटं आखडली होती. तुझे सासरे एकेकाला ओढून आणत होते, "बघा, याला म्हणतात माणूस! आमच्या पाल्लुकला उडत्या डब्यात बसून यायची लाज वाटते!" मी सीलचं मटण चघळत नुसता हसलो. तेव्हापासून गावात तेच रूढ झालं, की पाल्लुकला बर्फाचा अभिमान आहे. मी कधी कुणाचं म्हणणं खोडून काढलं नाही.

परवा मात्र इलाज नव्हता. खोकल्यातून रक्त पडायला लागलं. नर्सबाई म्हणाल्या, रेझोल्यूटहून पुढे मोठ्या इस्पितळात जायलाच हवं, आणि ही छाती घेऊन बर्फावर एक रात्रही काढायची नाही. विमानात उतारू आम्ही दोघंच. मी आणि शेजारची मीका, बाळंतपणाला निघालेली. चाकं सुटली आणि पायाखाली काही उरलंच नाही. जन्मभर मी पायांनी बर्फ ओळखत आलो, कुठे जाड आहे, कुठे दगा देईल. तिथे पाय नुसते चाचपडत राहिले. पुढचं मला धड आठवतही नाही. मीका सांगते, मी पट्टा ओढून काढला, "उतरवा मला, उतरवा" म्हणून किंचाळलो आणि दाराकडे झेपावलो. वैमानिकाने विमान मागे वळवलं. परतताना ती पोर मला लहान मुलासारखं समजावत होती, "झालंच हं आजोबा. ती बघा, घरं दिसायला लागली." माझी विजार ओली झाली होती. तिने आपला कोट माझ्या मांडीवर टाकला आणि उतरताना कुणाला काही कळू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा विमानाला निघताना मीका आमच्या दारात आली, आईला म्हणाली, "आजोबांना म्हणावं चला, मलाही भीती वाटते, सोबत होईल." मी आतून आईला खुणावलं, झोपलोय म्हणून सांग. मीका गेल्यावर तुझी आई माझ्याजवळ आली. "अस्वलासमोर उभा राहतोस, आणि या पोरीला तोंड दाखवत नाहीस?" एवढंच म्हणाली आणि चहा ठेवायला गेली. गावात कुणी थट्टा करत नाही. तेच जास्त लागतं.

नाउया, मला कसलाही अभिमान नव्हता. तुझ्या लग्नाच्या वेळीही नव्हता. मी भितो. तुझी दोन्ही मुलं झाली तेव्हा शिकारीचं कारण सांगून आलो नाही, तेही भीतीपायीच. तू रडली होतीस, असं आई म्हणाली होती. पण मला अजून मरायचं नाही. पुढच्या विमानाने तू इकडे ये आणि परत जाताना मला घेऊन चल. माझ्या आणि दाराच्या मध्ये बस. मी ओरडेन, रडेन, तुला नाही नाही ते बोलेन. तरी त्यांना विमान वळवू देऊ नकोस.

भित्रा, तरी तुझाच,
बाबा