प्रक्षेपण भरले आहे

सोमवार, ३ नोव्हेंबर

इंदूरच्या मराठी श्रोत्यांनो! संध्याकाळी सहाला चहाचा कप बाजूला सारून मोबाईल हातात घेणाऱ्यांनो, आणि पडद्यावर ‘हे प्रक्षेपण भरले आहे’ एवढंच वाचून तो पुन्हा खाली ठेवणाऱ्यांनो! तुमची जागा कुणी बळकावली? तुम्ही गप्प का?

पहिल्या भाषणाची सुरुवात अशीच करणार आहे. व्यासपीठावर चढल्याशिवाय मला रोजनिशीसुद्धा लिहिता येत नाही. ही बाबांची देणगी. कराडच्या घरी ते मला स्टुलावर उभं करायचे आणि सांगायचे, ऋजुता, ऐकणारा शेवटच्या रांगेत बसलाय असं समजून बोल.

आज सकाळी इंदूरला उतरले. शब्दसभा या इथल्या व्याख्यान मंडळाचे कार्यवाह मोहनजी स्कूटर घेऊन स्टेशनवर हजर होते. माझी बॅग त्यांच्या पायांत, मी मागे, आणि वाटभर त्यांचं चालूच: ताई, आमच्याकडे सब आहे, फक्त बोलणारं माणूस नव्हतं. छत्रीबागेत वरच्या मजल्यावरची खोली मिळाली. खाली घरमालकीण सुलोचनाताई राहतात. निवृत्त शिक्षिका, गुडघे गेल्यामुळे भिंत धरल्याशिवाय उभं राहता येत नाही. त्यांनी पोह्यांवर इथला तिखट जिरावन मसाला इतका घातला की डोळ्यांत पाणी आलं. मग तक्रार: बेटा, तू वर राहणार आणि तुझं व्याख्यान मला खाली ऐकायला नाही मिळणार. ये मोबाईल मला आत घेतच नाही.

घेईल, म्हटलं. तेवढ्यासाठीच आलेय.

काम असं: रोज संध्याकाळी रिकाम्या सभागृहातून, कॅमेऱ्यासमोर, सभेच्या चॅट ग्रुपवर थेट व्याख्यान. करोनात हॉल बंद झाला तेव्हापासून हीच रीत. हॉलमध्ये आता कुणी येत नाही, सगळे घरून बघतात. आणि जागा पुरत नाही म्हणून रडतात. मला हे शहर आवडलं. कचऱ्याची गाडीसुद्धा गाणं म्हणत येते.

बुधवार, ५ नोव्हेंबर

पहिलं भाषण झालं. चांगलं झालं असावं. ‘असावं’ म्हणते, कारण एकही प्रतिक्रिया आली नाही. ना टाळी, ना नमस्कार, ना शिवी. मी शिव्यांवर वाढलेली वक्त्री आहे, पण या शांततेचं काय करायचं ते मला ठाऊक नाही.

पाचशे प्रेक्षकांची मर्यादा आहे. मी कॅमेरा सुरू केला आणि नमस्कार म्हणायच्या आत ती भरली. सुलोचनाताई बाहेर. आणि बाबा बाहेर.

बाबांना श्रावणात झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. कान मात्र शाबूत आहेत. मुद्दाम त्यांच्यासाठी आज मी शेवटच्या रांगेपर्यंत बोलले, आणि कराडात माझा धाकटा भाऊ सुजय त्यांच्यापुढे मोबाईल धरून ‘भरले आहे’ वाचत बसला होता. फोनवर म्हणाला, ते बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. मग तोंड फिरवलं.

बाबांना जागा मिळवून देणारच. बाकी सगळं नंतर.

शनिवार, ८ नोव्हेंबर

तीन दिवस या एकाच दुखण्यामागे लागले. एकाच घरात दोन-दोन मोबाईल लावू नका, असं ग्रुपवर खडसावलं. फरक शून्य. ॲपवाल्यांना लिहिलं. त्यांचं उत्तर, प्रेक्षकसंख्या बरोबर आहे, बिघाड नाही. मग मोहनजींकडून ॲपची मोठी योजना घेववली, मर्यादा दुप्पट झाली. मी हर्षाने कॅमेरा लावला. हजारच्या हजार जागा एका श्वासात भरल्या.

शब्दसभेचे जिवंत सभासद हजार नाहीत. मोहनजींनीच सांगितलं.

आज नवीन ग्रुप काढला, नवीन लिंक बनवली. तपासावं म्हणून आधी एकटीच आत शिरायला गेले. भरले आहे. लिंक मी अजून कुणालाही पाठवलेली नव्हती.

मोहनजींना विचारलं तर त्यांनी समोसा चटणीत बुडवला आणि म्हणाले, हो जाता है ताई. जुने लोक आहेत, पहले येऊन बसतात.

सोमवार, १० नोव्हेंबर

नव्या ग्रुपवर फुली मारली, पुन्हा जुन्यावर आले. प्रेक्षकांच्या यादीत सगळ्यांत वर रोज एकच नाव असतं: दौलतराव. सभेचे संस्थापक. म्हटलं, या गृहस्थांनाच भेटू. घर इंदूरजवळ, हातोदला. गेले.

त्यांच्या सुनेने दिवाणखान्यात नेलं. भिंतीवर दौलतरावांचा हार घातलेला फोटो. खाली पाटावर चार्जरला लावलेला मोबाईल, पडदा फोटोकडे. सून अभिमानाने सांगत होती: बाबूजींना जाऊन सहा वर्षं झाली, पण एक व्याख्यान चुकवलं नाही. रिचार्ज आम्ही वेळेवर करतो ना!

परत आल्यावर मोहनजींकडून सगळं काढून घेतलं. सभेची जुनी रीत आहे. सभासद वारला की पहिल्या रांगेत त्याची खुर्ची शाल घालून राखायची. तिच्यावर कुणी बसायचं नाही. सभा मोबाईलवर आली तेव्हा खुर्चीच्या जागी फोटोपुढे मोबाईल आला. नंबर ग्रुपमधून काढायचा नाही. घर सोडलं, मुलं परदेशी गेली, तरी नाही.

श्रोत्यांनो, ऐका! तुमच्या जागांवर मेलेले बसले आहेत! ज्या माणसाचा सगळा जीव दोन कानांत उरलाय तो दाराबाहेर, आणि हार घातलेली तसबीर आत! याला श्रद्धा म्हणता? जिवंतांच्या छातीवर ठेवलेला हा धोंडा आहे, आणि तो मी उचलून फेकणार.

हजारचा आकडा मात्र अजून जुळत नाही. एवढ्या तसबिरी कुठून येणार? असो. यंत्राचं काहीतरी असेल.

बुधवार, १२ नोव्हेंबर

आज भाषण नाही, झाडलोट. कॅमेऱ्यासमोर एकेक नाव मोठ्याने वाचलं आणि काढून टाकलं. मृत सभासद, काढून टाका. मृत सभासद, काढून टाका. दौलतराव सर्वांत शेवटी. बोट जरा थांबलं, पण दाबलं.

घरोघरचे फोन आले. माझ्या सात पिढ्यांचा उद्धार झाला. बाहरवाली, अक्कल विकून खाल्लीस का? एका बाईने मालवी बोलीत असं काही सुनावलं की अर्थ न कळूनही कान तापले. चला, निदान कुणी बोललं तरी.

मोहनजी धावत हॉलमध्ये आले. ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी हात जोडले. म्हणाले, काढलंत ते काढलंत, पण जागा खाली राहू द्या. त्या जागांवर कुणाला बसवू नका. आमच्या बुजुर्गांनी खुर्चीवर शाल उगाच नाही टाकली ताई. ती मान म्हणून नव्हती. कुणी चुकून बसू नये म्हणून होती.

मी हसले. बाहेर ताटकळणाऱ्या सगळ्यांना तिथल्या तिथे आत घेतलं. सुलोचनाताईंना घेतलं. आणि दौलतरावांच्या जागी, सगळ्यांत वर, बाबांना.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

बाबांनी ऐकलं! सुजय म्हणाला, डोळे मिटले नाहीत, पापणीसुद्धा हलवली नाही, पूर्ण वेळ ऐकलं. खाली सुलोचनाताईंच्या खोलीतूनही माझा आवाज येत होता. परत येऊन जिना चढताना तो ऐकला आणि ऊर भरून आला.

आता लिहिताना जाणवतंय: मी परत आले तेव्हा व्याख्यान संपलेलं होतं.

शनिवार, १५ नोव्हेंबर

सुजयचा सकाळी फोन. आनंदात होता. बाबांचा उजवा हात हलतोय! मोबाईल त्याच हाताने धरतात, सोडत नाहीत. आणि बोलले! सुजय मोबाईल बाजूला ठेवायला गेला तर स्पष्ट म्हणाले, “भिया, आवाज बढ़ाओ.”

‘भिया’ ही इंदुरी हाक, आणि बाबा कधी इंदूरला आलेले नाहीत. सुजयला त्यांनी उभ्या जन्मात ‘बाळ’शिवाय हाक मारलेली नाही. सुजय हसत होता. मी नाही.

खाली गेले. भर दुपार. सुलोचनाताई खोलीच्या मधोमध उभ्या होत्या, भिंत न धरता, ताठ. मोबाईल समोर. पडद्यावर रिकामं व्यासपीठ आणि माझा आवाज. जुनं भाषण लावलंय का विचारलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं जसं सभेत पुढे उभ्या राहिलेल्या माणसाकडे बघतात. म्हणाल्या, बाजूला व्हा, व्याख्यान चालू आहे.

मी ऐकलं. मोबाईलमधला आवाज माझा होता. भाषण मी उद्यासाठी योजलेलं. अजून कागदावरही न उतरवलेलं.

मी मोबाईल हिसकावला. त्या किंचाळल्या. पुरुषाच्या आवाजात.

रविवार, १६ नोव्हेंबर

सुलोचनाताई गेल्या. सकाळी शेजारणीला उभ्या दिसल्या म्हणे. उभ्याच. भिंतीला टेकलेल्याही नव्हत्या. डॉक्टर म्हणाले हृदय. गुडघ्यांचं कुणी काही बोललं नाही.

मोबाईल माझ्याकडे आहे. बंद आहे. बॅटरी काढलेली. तरी यादीत — सुलोचना, पाहत आहेत.

मोहनजींकडे गेले. दार अर्धंच उघडलं त्यांनी. विचारलं, आता नाव काढलं तरी परत येतं, कसं सोडवू. म्हणाले, दुसऱ्याच्या हाताने नाही सुटत. ज्याने त्याने आपल्या हाताने उठायचं. जब तक हात अपना है, तब तक. मग दार लावलं. कडीचा आवाज आला.

सुजयला फोन केला. बाबांच्याच बोटाने ग्रुप सोडायला लाव, म्हटलं. त्याने बोट धरलं. म्हणतो ताई, बोट वळत नाही. लाकडासारखं झालंय. आणि ते हसताहेत.

मी व्याख्यान देणार नाही. आज नाही, कधीच नाही.

सहाला प्रक्षेपण सुरू झालं. मी घरात होते. पलंगावर, तोंडावर हात दाबून. तरी मोबाईलमधून — मीच.

सोमवार, १७ नोव्हेंबर

बाबा गेले. सकाळी.

यादीत सगळ्यांत वर बाबांचं नाव. शंकरराव, पाहत आहेत.

मी बसवलं. मी.

कराडला निघायचं. गाडी रात्रीची. ग्रुप सोडला — परत आत. पुन्हा सोडला — परत. माझ्या नावापुढे आता ‘वक्ता’ लिहिलंय. मी लिहिलेलं नाही.

आज पहिल्यांदा प्रतिक्रिया आल्या. सगळ्यांची एकच. बोला. बोला. बोला. बोला.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

स्टेशनवर गेलेच नाही. गेले होते. जिना उतरले, रिक्षा केली, आणि दार उघडलं ते हॉलचं. कॅमेरा चालू. आज सकाळीही तसंच.

आवाज नाही उरला. तोंड उघडते तर काही नाही. मोबाईलमधून मात्र सुरेख येतो. लोकांना वाटत असेल मीच. चांगलं बोलतेय ती. लोकांना आत बोलावतेय. जागा आहे म्हणते. या, बसा म्हणते.

आवाज गेला तरी हात माझा आहे. म्हणून लिहितेय. मोठ्या अक्षरात. हे पान कॅमेऱ्यासमोर धरणार.

सुजयचा निरोप आत्ता वाचला. ताई, तू येऊ शकली नाहीस तरी चालेल. बाबांच्या फोटोपुढे मोबाईल लावलाय. तुझं ऐकतील. मलाही आत जागा मिळाली, लगेच —

श्रोत्यांनो. ज्यांना मी आत बसवलं त्यांनो. तुमची जागा मागा, असं मीच सांगितलं होतं. चुकले. ती जागा तुमची नाही. मेलेल्यांना तुमचे कान नकोत. गुडघे हवेत, हात हवेत —

बोट वळतंय ना अजून? बघा. वळतंय तोवर —

सुजय, फोटोपुढचा मोबाईल राहू दे. तुझा. तुझ्या हातातला. तुझ्याच बोटाने. माझं ऐकू नकोस, हे वाच. ग्रुप सोड. बाळ, आत्ता, ग्रुप सो